माहूत मरायचा राहिला

खेळ संपला होता आणि तंबूतलं एकही माणूस उठत नव्हतं.

मी मशीनपाशी उभा. तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं, चित्रं मुकी होती आणि मी मंगळवार पेठेजवळच्या तंबूत ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे हँडल फिरवणारा. हात थांबला की दिव्यापुढची फीत पेट घेते, म्हणून नजर कायम फितीवर. पडद्याकडे बघायची सोय नाही.

चित्र होतं एका म्हाताऱ्या माहुताचं आणि त्याच्या हत्तिणीचं. रिळं तीन. तिसऱ्यात माहूत मरतो. कोल्हापूरकरांना हत्ती घरच्यासारखे. तालमीतले पैलवान पटक्यात तोंड खुपसून रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे.

तंबूच्या मालकांना त्याची धास्ती बसली. दुपारी मला म्हणाले, "रोज रडवलं तर माणसं यायची बंद हुतील. आजपासनं दोनच रिळं. हत्तिणीची अंघोळ झाली की खेळ संपला."

"आणि तिसरं?"

"घरी नेतो. तुझा भरवसा न्हाय."

म्हणून आता ही पंचाईत. पुढचा एक पैलवान वळला. "पावणं, म्हातारा मरायचा हाय अजून."

"आज नाही मरत."

"का? औषध लागू पडलं व्हय?"

लोक हसले, पण उठले नाहीत. मग बाकडी आपटायला लागली. कुणीतरी तंबूचा दोर हिसकला. मशीन हललं, आत दिवा पेटलेला. मी ते दोन्ही हातांनी धरलं. "रीळच नाही हो इथं," मी खरं ते सांगून टाकलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूच्या आडपडद्यामागून आवाज आला. कल्हईवाल्याची बायको, अमिनाचाची. तिची ही चौथी खेप.

"गप बसा समदी. नणंदेला शाहूवाडीवरनं आणलीया, तिला अर्धं दावून कशी धाडू? म्या सांगते."

समोर कोरा पडदा, आणि चाची सांगू लागली. "सकाळी म्हाताऱ्याची हाक आली न्हाय. हत्तीण दारात हुबी. सुनंनं भाकरी पुढं केली, तिनं तोंड फिरवलं. मग सोंड आत घातली आन् म्हाताऱ्याचं पाय चाचपलं. गार हुतं. तशी तिनं अंगणातली माती उचलली आन् त्याच्या पायावर घातली. हळू. झोपमोड हू नये म्हणून."

तंबूत हुंदक्यांशिवाय आवाज नव्हता. सगळ्यांत मोठ्यानं मी रडत होतो. महिनाभर रोज तो माहूत मी माझ्या हातानं मारला होता, पण मेलेला कळला तो आज.

लोक नाकं पुसत, समाधानानं घरी गेले. दाराशी मालक उभे होते. त्यांचंही उपरणं ओलं. दुसऱ्या दिवशी रीळ त्यांनी स्वतः आणून दिलं. मी ते लावलं, तर मागून कुणीतरी कुरकुरलं, "कालच्यागत न्हाय जमलं."

पुढं बरीच वर्षं मी हँडल फिरवलं. एवढंच शिकलो, की रडायला आलेल्या माणसाला हसत घरी पाठवू नये. तो तंबू पाडतो.