मिलवॉकीचा रहिवासी

माझ्या सासऱ्यांना अमेरिकेनं दोनदा व्हिसा नाकारला आणि त्याचं प्रायश्चित्त मला जर्मनीत, एर्लांगेनमध्ये घ्यावं लागलं.

झालं असं. सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, नागपूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते आणि तीस वर्षं बास्केटबॉलचे पंच. त्यांचा मुलगा सुहास, म्हणजे माझा मेहुणा, अमेरिकेत मिलवॉकीला. त्याच्या ग्रीन कार्डचं घोंगडं भिजत पडलेलं, त्यामुळे त्याला तिथून हलायची सोय नव्हती. आणि अण्णांना तिथे जायची सोय नव्हती. चार वर्षं बापलेकाची भेट नाही. वेबकॅम होता, पण त्या काळच्या वेबकॅममध्ये आधी सुहासचं नाक यायचं आणि बाकीचा सुहास मागाहून. शेवटी त्या फेब्रुवारीत अण्णा दोन महिन्यांसाठी लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे आले. जर्मनीनं त्यांना एका फेरीत व्हिसा दिला. (त्यावरून जर्मनी हा जरा कमी दर्जाचा देश असावा, असं अण्णांचं मत झालं होतं.)

अण्णांच्या दरबारी माझं वजन बेताचंच. एक तर मी पुण्याचा. त्यात लग्नाच्या बोलणीत त्यांनी "कोणता खेळ खेळता?" असं विचारलं, तेव्हा मी "कॅरम" म्हणालो होतो. त्या दिवसापासून ते माझ्याशी फार आदरानं वागत. पण जायबंदी खेळाडूला उचलून मैदानाबाहेर नेताना लोक जो आदर दाखवतात, त्या जातीचा तो आदर होता. हे चित्र पालटायचं मी ठरवलं.

तेव्हा नुकतीच एक नवी सोय निघाली होती. हंगामाची वर्गणी भरायची की अमेरिकेतल्या बड्या लीगचे बास्केटबॉलचे सामने कॉम्प्युटरवर दिसणार! तिकडे सामना चालू असताना बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेत बघा. मी लॅपटॉप वायरीनं टीव्हीला जोडला आणि वर्गणीचा फॉर्म भरायला बसलो.

फॉर्ममध्ये राज्य विचारलं होतं. यादीत अलाबामा होतं, अलास्का होतं, वायोमिंग होतं, आमचं जर्मनीतलं बायर्न राज्य नव्हतं. आता अशा वेळी मराठी माणूस काय करतो? नातेवाइकाचा पत्ता देतो! आम्ही कॉलेजच्या प्रवेशाला मावशीचा पत्ता दिला, गॅसच्या नंबराला काकांचा दिला. शिवाय गावातला पत्ता असला की स्थानिक माणूस म्हणून आधी नंबर लागतो, हे तर लहानपणापासून पाहिलेलं. सुहासच्या गावची टीम अण्णांना बघायची, तर पत्ताही सुहासचाच बरा, म्हणजे ती टीम हक्कानं मिळेल. मी मोठ्या धूर्तपणे मिलवॉकीचा पत्ता टाकला. खाली बारीक अक्षरांत बराच मजकूर होता, तो न वाचता "मान्य आहे" म्हणून टाकलं. (मी ऑफिसमध्ये काय काम करतो? हॉस्पिटलच्या यंत्रांबरोबर जाणारा बारीक अक्षरांतला मजकूर तपासतो. त्याचाच मला पगार मिळतो.)

पहिला आठवडा सोन्याचा गेला. रोज संध्याकाळी अण्णा सोफ्यावर ताठ बसून सामना बघत. सामना म्हणजे काय, पंच बघत. बाकी जग ज्या उंच खेळाडूंवर जीव टाकतं ते त्यांच्या लेखी पंचाच्या आड येणारे खांब होते.

"अरे, काय करून राहिला हा! तीन पावलं चालला तो, आन् हा शिट्टी काहून नाही वाजवत?"

"अण्णा, तिकडे जरा चालतं," मी म्हणायचो.

"चालतं कसं? नियम आहे बाप्पा!" आणि मग मान हलवून, "पण जावईबापू, सोय मस्त केली तुम्ही."

दहा वर्षांच्या संसारात ऐकलेलं हे पहिलं कौतुक! माझी बायको अनघा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेली. मी शक्य तितका साधा चेहरा ठेवला.

आठव्या दिवशी अण्णा म्हणाले, "आता सुहासची टीम लावा."

मी लावली. म्हणजे लॅपटॉपवर त्या सामन्यावर क्लिक केलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत पाटी आली: हा सामना तुमच्या विभागात दाखवता येत नाही. ती टीव्हीवर नीट उमटायच्या आत मी वायर उपटली.

"काय झालं?"

"आज सुट्टी आहे अण्णा त्यांना."

रात्री तो बारीक मजकूर वाचला. ही वर्गणी होती बाहेरगावच्या प्रेक्षकांसाठी. ज्या गावात तुम्ही राहता, त्या गावची टीम सोडून बाकी सगळे सामने दिसणार. गावच्या टीमला बघायला गावातलं चॅनेल आहे, नाहीतर मैदानात जा! म्हणजे मी पृथ्वीवरच्या कुठल्याही गावचा पत्ता दिला असता तरी चाललं असतं. एका मिलवॉकीचा सोडून. आणि सर्वांत खाली, मुंगीनं लिहावं तशा अक्षरांत, परदेशातल्या लोकांसाठी वेगळा फॉर्म होता, ज्यात देशांच्या यादीत जर्मनीही होता.

नऊ वर्षं या देशात काढली मी. परकीयांच्या कचेरीत दर दोन वर्षांनी फायली घेऊन उभा राहिलो, तेव्हा प्रत्येक फॉर्मवर इमानेइतबारे "परका" म्हणून खूण केली. परकेपणाचा फायदा मिळायची आयुष्यातली ही एकुलती एक संधी. आणि तिथे मी छातीठोकपणे "स्थानिक" म्हणून सांगितलं होतं!

हे अण्णांना सांगून टाकायचं की नाही? शहाण्या माणसानं सांगितलं असतं. पण आठवड्याभराचं कौतुक मला सोडवेना. दोन दिवसांनी मी सांगितलं, टीम प्रवासात आहे. त्यानंतर सांगितलं, त्यांच्या मैदानाची दुरुस्ती चालली आहे.

"कसली दुरुस्ती?" अण्णांनी विचारलं.

"ते... लाकडी फरशी उखडली आहे."

"आमच्या मैदानात गुडघाभर पाणी भरलं होतं, तरी आम्ही दुसऱ्या शाळेत नेऊन सामना खेळवला. आन् एवढी श्रीमंत लीग, फरशीसाठी थांबते?"

माझी आठ वर्षांची मुलगी सई शेजारी गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. आणि खोटं तिच्या शाळेत कुणी शिकवलेलं नाही. मान वर करून ती म्हणाली, "आबर पापा, दास श्टिम्ट दोख गार निष्ट!"

"काय म्हणते माझी बाय?"

"पण बाबा, हे खरं नाही" असं ती म्हणाली होती. मी सांगितलं, "म्हणते, आजोबा फार हुशार आहेत."

सईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो.

त्याच आठवड्यात सुहासचा फोन आला. अनघानं स्पीकर लावला.

"अण्णा, ऑफिसातून तिकिटं मिळाली! रविवारी दुपारी सामन्याला जातोय, मी आणि मिहिका. तिसरी रांग, एकदम बास्केटच्या मागे. तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतील. टीव्हीवर बघा, दिसू आम्ही. मिहिकाला पिवळी टोपी घालतो."

मिहिका ही सुहासची चार वर्षांची मुलगी. अण्णांनी तिला अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

"फरशी बसवून झाली का रे?" अण्णांनी विचारलं.

"कसली फरशी?"

"सुहास, तुझा आवाज तुटतोय!" असं ओरडून मी फोन बंद केला.

अनघा मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, रविवारपर्यंत काहीही कर. विमान घेऊन मिलवॉकीला जा आणि सुहास-मिहिकाचा हात हलवतानाचा फोटो आण. पण टीमला त्या दिवशी सुट्टी आहे म्हणून अण्णांना सांगितलंस ना, तर मीच तुझं काय ते बघते."

इकडे अण्णांनी आनंदानं रविवारची तयारी सुरू केली होती. पंचांचा निळा ब्लेझर त्यांनी बॅगेतून काढला, इस्त्री करवून घेतला. ("पोरगा मैदानात आहे, बाप काय बनियनवर बसेल?") चष्म्याच्या काचा दिवसातून चारदा पुसून व्हायला लागल्या.

मी परदेशी लोकांचा फॉर्म भरला. खातं तीन कामाच्या दिवसांत सुरू होईल, असं उत्तर आलं. तो शुक्रवार होता. मग मी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती.

"सर, मिलवॉकीचे सामने मिलवॉकीत दिसणार नाहीत. तुम्ही तिथेच राहता ना?"

खरं सांगितलं तर खोट्या पत्त्याबद्दल खातंच बंद करतील, अशी मला धास्ती.

"राहतो."

"मग तुमच्या चॅनेलवर दिसेलच की! नाहीतर मैदानात जा. कारनं किती वेळ लागतो?"

"जरा लांब पडतं," मी म्हणालो. "पण समजा, एखादा माणूस तिथे राहत नसेल, तर?"

"तर त्याला दिसेल. तुम्ही राहत नाही का, सर?"

"राहतो, राहतो!"

"बरं. हवा कशी आहे तिकडे?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "छान ऊन पडलंय."

"सर, बातम्यांत तर मिलवॉकीला बर्फाचं वादळ दाखवतायत."

"हो," मी म्हणालो, "वादळातलंच ऊन."

तिनं मला शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

रविवारी आठला दहा कमी असताना अण्णा ब्लेझर घालून सोफ्यावर बसले. सई त्यांना चिकटून बसली होती. माझी शेवटची आशा म्हणजे अमेरिकनांचा निष्काळजीपणा. कदाचित आज त्यांचा एखादा कर्मचारी बटण दाबायला विसरेल. आठ वाजले, मी क्लिक केलं. तिथे कुणीही काही विसरलेलं नव्हतं.

या वेळी मी वायर उपटली नाही. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि शाळेत परिपत्रक वाचावं तशी ती पाटी मोठ्यानं, सावकाश वाचली. मग माझ्याकडे वळले.

"आपला विभाग कोणता, जावईबापू?"

"मिलवॉकी," मी म्हणालो.

मग सगळंच सांगितलं. पत्ता, गॅसचा नंबर, फरशी, ऊन, सगळं. अण्णा ऐकत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पिवळी टोपी घालणार होती ती," आणि ब्लेझरचं वरचं बटण काढलं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात मी लहानसहान फजित्या पुष्कळ केल्या, पण त्या माझ्या मला पुरायच्या. ही पहिलीच दुसऱ्याला पुरली.

फोन अनघानं लावला. सुहासनं मैदानातून उचलला, मागे हा गदारोळ!

"अण्णा! दिसलो का?"

"नाही रे. टीव्ही बंद आहे," अण्णा म्हणाले. मी मान खाली घातली. "तू सांग. पंच कुठे उभा आहे?"

"पंच? थांबा... आमच्या बाजूलाच आहे. जाडा आहे."

"शिट्टी कोणत्या हातात?"

"अण्णा, शिट्टी तोंडात आहे! अहो, काय बास्केट टाकली, जबरदस्त!"

"बास्केट सोड. पंचानं हात कसा केला ते सांग."

मग सुरू झालं. सुहास तिसऱ्या रांगेत बसून सामन्याचं नव्हे, पंचाचं धावतं वर्णन करत होता आणि अण्णा इथून निर्णय देत होते. अंगात वारं भरल्यासारखे ते मोठ्यानं "चूक! साफ चूक!" म्हणत. मध्येच मिहिका फोनवर येऊन "आबा, माझी टोपी यल्लो आहे" असं सांगून गेली. अण्णांनी तिला टोपीचं निदान सहा वेळा वर्णन करायला लावलं. आम्ही सगळे टीव्हीकडेच तोंड करून बसलो होतो, त्या काळ्या पाटीकडे, सवयीनं. अर्धा सामना झाल्यावर सुहास म्हणाला, "अण्णा, मला जरा सामना बघू द्या ना." अण्णा म्हणाले, "तू बघू नको, सांगत राहा." चार वर्षांत बापलेक एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. फोन ठेवला तेव्हा अण्णांचे डोळे ओले होते, आणि माझेही. वाटलं, नकळत का होईना, आपल्या हातून एक बरं काम झालं. टीव्हीवर दिसली असती तर टोपी दोन सेकंद दिसली असती. आता अण्णा हे चार लोकांत सांगतील, आणि आपलं नावही येईल त्यात.

सांगितलं त्यांनी. दुसऱ्याच दिवशी, नागपूरचे त्यांचे जुने सहकारी पंच बोकडे यांना, फोनवर, माझ्यासमोर.

"बोकडे, काल सुहासनं पूर्ण सामना दाखवला मला! तिकडून, फोनवरून! एकेक निर्णय डोळ्यांपुढे उभा केला पोरानं!"

पलीकडून बोकड्यांनी काहीतरी विचारलं.

"होता ना," अण्णा म्हणाले, "मोठा टीव्ही आहे घरात. पण तो जावईबापू चालवून राहिले होते."