बर्फाच्या कप्प्यातलं इंजिन

विनिपेगचा कॉल सकाळी लागला. आदल्या दिवशी दुपारी तुमच्या आजोबांनीच तो बुक केला होता. "उद्या सकाळी सातनंतर द्या, आमचा नातू तेव्हा जेवून मोकळा असतो," असं ऑपरेटरला दोनदा बजावून. फोन वाजला तेव्हा खाली आवारात बांबू येऊन पडले होते आणि घर माणसांनी भरलं होतं. मी फोनच्या जवळ बसले होते, म्हणून मीच उचलला. "कॅनडा, बोला," ऑपरेटर म्हणाली. आणि मग, मिहिर, तुझा आवाज आला. "आजोबा, सुरू झाली?" मी म्हटलं, बाबांना फोन दे. तू म्हणालास, "आधी आजोबांना दे ना, आजी..." पुढे मी काय बोलले ते मला आठवत नाही, तुझ्या बाबांना आठवत असेल. आमच्या घरातलं माणूस गेल्याची बातमी तुमच्यापर्यंत अशी पोहोचली, त्याच माणसाने बुक केलेल्या कॉलवर.

पुरवणीच्या वाचकांनी मला माफ करावं. हे मी माझ्या दोन नातवंडांसाठी लिहिते आहे, मिहिर आणि रेवासाठी. त्यांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. अजित, त्यांचे बाबा, वाचून दाखवतील. मी सारी हयात मुलींच्या शाळेत इंग्रजीतून भूगोल शिकवला. हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण आजोबांचं बोलणं इंग्रजीत घालायला गेले की ते कोणीतरी परके गृहस्थ वाटू लागतात.

त्यांची सगळी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. घरातही त्यांचा तोच खाक्या होता. नळाचा वायसर बदलला तरी लगेच "झालं" म्हणायचे नाहीत. नळ उघडायचे, बंद करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे, मगच झालं. "एकदा जमलं तर ते नशीब, दुसऱ्यांदा जमलं तर काम," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. अजितच्या लग्नाचा फोटो काढणाऱ्यालासुद्धा त्यांनी प्रत्येक फोटो दोनदा काढायला लावला होता. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या हाताला काही उरलं नाही. अजित विनिपेगला, मी शिकवण्यांत. ते गॅलरीत बसून समोरच्या डोंगराकडे बघत राहायचे.

तुम्ही दोघं इथे एकदाच आलात, तेही फार लहानपणी. त्यानंतर राहिले ते फोन. अजित आणि मी बोलून झालं की आजोबा रिसीव्हर घ्यायचे. "काय मिहिर, कसा आहेस?" "बरा आहे." "शाळा?" "बरी आहे." मग नुसती खरखर. दोघंही रिसीव्हर धरून उभे, आणि मी घड्याळाकडे बघते आहे. फोन ठेवल्यावर ते म्हणायचे, "पोराशी काय बोलावं तेच सुचत नाही गं."

मग अजित एकटा आला तेव्हा ती गाडी घेऊन आला. त्याने दुकानातून एकसारख्या दोन घेतल्या होत्या, एक मिहिरला, एक आजोबांना. वीतभर रुंद, दीड हात लांब, दूर उभं राहून हातातल्या खोक्याने चालवायची. बॅटरीवरचं खेळणं नव्हे, आत खरं इंजिन, मुठीत मावेल एवढं. त्याचं इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात एरंडेल आणि नायट्रो नावाचं एक रसायन. माथ्यावरच्या प्लगला बॅटरीची कळ लावली की आतली तार लाल होते, मग दोरीला झटका द्यायचा. पहिल्यांदा ती कॉलनीच्या मैदानात सुटली तेव्हा कावळे उडाले आणि तळमजल्यावरच्या काकू देवपूजा सोडून बाहेर आल्या. जळक्या एरंडेलाचा वास आमच्या पडद्यांना तेव्हा लागला तो कायमचा.

त्यानंतरच्या फोनला मला रिसीव्हर मिळेनासा झाला. "इंधनाची सुई किती फेरे उघडलीस? एवढी? अरे, तिला गुदमरायला होत असेल!" तुम्ही दोघं हसायचात. मिहिर, तुझ्या मराठीत तेव्हा सुई, झटका, धूर, तेल असे चार शब्द जास्त होते, आणि त्यांच्यावर आजोबांचा आठवडा निघायचा.

ऑक्टोबर सरला आणि तू सांगितलंस की गाडी सुरू होत नाही. दुकानदार म्हणाला होता, थंडीत ही इंजिनं चालत नाहीत, एप्रिलपर्यंत गुंडाळून ठेवा. आजोबांना हा स्वतःचा अपमान वाटला. "एप्रिल? म्हणजे एप्रिलपर्यंत मी पोराशी काय बोलू? शाळा बरी आहे का?" मी त्यांना नकाशा उघडून दाखवला. म्हटलं, अहो, त्या थंडीची आणि आपल्या मुलुंडच्या थंडीची बरोबरी नाही, इथे स्वेटर घालतात तो हौसेने. ते नकाशाकडे बघत राहिले आणि मग फ्रिजकडे गेले.

त्या दिवसापासून आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ते इंजिन राहायला आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, बर्फाच्या ट्रेला टेकून. मी शिस्तीची बाई. माझ्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीचीही जागा ठरलेली. बर्फाला एरंडेलाचा वास लागला. वरच्या मजल्यावरचे सामंत, आजोबांचे जुने मित्र, सरबताचा एक घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, आमचं पोट साफ आहे हो!" मी यांच्यावर खूप चिडले. हे हसत होते.

गार पडलं की एरंडेल घट्ट होतं आणि इंजिन आतून आवळून बसतं, एवढं त्यांना लगेच कळलं. पुढचं कळेना. गॅलरीत प्रयोग करावा तर फ्रिजमधून काढल्या काढल्या त्याला दव सुटायचं. "तिकडची थंडी कोरडी, आपली ओली," ते म्हणायचे, "इथेच सगळी वाट लागते." म्हणून मासे घेऊन येणाऱ्या हिराबाईकडून ते बर्फ मागू लागले. ती म्हणाली, "बाबा, बर्फ माझ्या बोंबिलाला हाय. तुमचं लोखंड काय नासतंय?" पण द्यायची. डब्यात बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत इंजिन, असं सगळं घेऊन कानटोपी आणि मफलर घालून ते पहाटे डोंगराच्या पायथ्याच्या मैदानात जायचे. तिथे गाडीत इंजिन बसवायचं आणि झटके द्यायचे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकून बघितलं, माथ्याला चांदीचा कागद गुंडाळून बघितलं, इंधनाची बाटली काखेत धरून बघितली. सामंत फिरायला म्हणून सोबत जायचे. "सदा, ही गाडी आहे की सर्दी झालेलं पोर? विक्स लाव तिला!" असं त्यांचं चालायचं. रोज दोघं परत यायचे, आणि मी दार उघडताना यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की विचारावं लागायचं नाही.

जानेवारीत डोंगरावरून खरंच बोचरं वारं यायला लागलं. त्या सकाळी मी दार उघडलं तर मफलरवर तेलाचे शिंतोडे, चष्म्यावर तेल, आणि तोंडभर हसू. "पहिल्या झटक्याला!" ते म्हणाले. "बर्फातून काढलं आणि पहिल्या झटक्याला. मैदानाला चार चकरा." मी विचारलं, काय केलंत? "ते नाही सांगणार." "का?" "एकदाच जमलंय. उद्या पुन्हा जमलं तर खरं. आणि सांगायचं ते आधी मिहिरला, मग तुला." मी म्हटलं, ठेवा तुमच्यापाशी, मला कुठे गाडी चालवायची आहे? त्यांनी गाडीतून इंजिन सोडवलं, पुसलं, पिशवीत गुंडाळलं आणि पुन्हा बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. दुपारी कॉल बुक केला. संध्याकाळचा चहा पुढ्यात असताना छातीला हात लावला, "जरा..." एवढंच म्हणाले. तळमजल्यावरचे डॉक्टर जिना चढून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मिहिर, त्यानंतरच्या फोनवर तू मला विचारलंस, "आजी, आजोबांनी कशी सुरू केली?" मला माहीत नव्हतं. मी सामंतांना विचारायला गेले. ते बिचारे डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, मी तिकडे शेकोटीला हात धरून उभा होतो. आवाज झाला तेव्हा वळलो. सदा खाली वाकून काहीतरी करत होता, रोजच्यासारखाच... रोज तेच बघायचं, म्हणून त्या दिवशी बघितलं नाही हो." हिराबाईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठाव आई, त्यांनी बर्फ नेला." कारखान्यातले त्यांचे सोबती दिवसकार्याला आले होते. त्यांनी इंजिन हातात घेतलं, सुई फिरवून पाहिली, आणि सदाच्या हाताला जे कळायचं ते आम्हाला नाही, असं म्हणून परत दिलं. एका पहाटे मी स्वतः सामंतांना घेऊन त्या मैदानात गेले. शेक, कागद, बाटली, मला ठाऊक होतं ते सगळं केलं. सामंतांनी झटके दिले. आमच्या दोघांच्या हातांना फक्त एरंडेल लागलं.

माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, सोन्यासारखं मरण आलं, हसत गेले. मला तसं वाटत नाही. ते सांगायचं ठेवून गेले. आणखी एक दिवस मिळाला असता तर... मी या वाक्यापाशी रोज येते आणि रोज तिथेच थांबते. इंग्रजी मला येतं, मराठी येतं, तुमच्या शाळेत काय शिकवतात तेही मला कळतं, तरी गेल्या रविवारी फोनवर मी तुला विचारलं, "कसा आहेस?" आणि तू म्हणालास, "बरा आहे." मग खरखर. मी रिसीव्हर धरून उभी राहिले, ते उभे राहायचे तशीच. रेवा, तू तर फोनवर आलीच नाहीस. तुझी चूक नाही, बाळा. मला विचारायला काही नव्हतं.

मी त्यांचे कपडे देऊन टाकले, औषधं फेकली, चष्मा पेटीत ठेवला. माझी सवयच तशी, आवरून ठेवायची. दर शनिवारी फ्रिज बंद करून बर्फ वितळवते. तेव्हा ती पिशवी बाहेर काढते, ओट्यावर ठेवते, तिच्यावर दव सुटतं ते कोरड्या फडक्याने टिपते. पिशवीची गाठ त्यांनी मारलेली नव्हे. ती मैदानातून आल्यावर मी मारलेली आहे, आणि त्यांच्या गाठीसारखी ती बसलेली नाही. मग फ्रिज सुरू करते आणि पिशवी ट्रेला टेकवून पुन्हा आत ठेवते, उद्याच्या पहाटेसाठी ठेवावी तशी. तुमच्याकडे एप्रिल येईल, मिहिर, तुझी गाडी आपोआप सुरू होईल आणि तुला विचारायची गरज उरणार नाही. इथे बर्फाला अजून एरंडेलाचा वास येतो. सरबत मी आता कोणाला देत नाही.