पंचवीस अंशांची खोली

मी काही लिहावं एवढा मोठा नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच; प्रयोगाच्या जर्नलपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. पण त्या सॉफ्टवेअरने मला इतकं छळलं की कुठेतरी सांगावंसं वाटतं.

रासायनिक अभिक्रिया किती वेगाने होईल, याचा आलेख ते काढून देतं. प्रमाणं आणि तापमान भरायचं, बस. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते एकाच संगणकावर होतं, त्यामुळे एसटीत टाकतात तसा खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरायची. मॅडम म्हणाल्या होत्या, "शुक्रवारपर्यंत तुझा आलेख प्रयोगाशी जुळला, तर अंबडच्या कारखान्यात ट्रेनिंगला तुझं नाव पाठवते."

तो जुळेना. प्रयोगात एस्टर हे रसायन भराभर संपलं होतं; पडद्यावर ते रेंगाळत होतं. सगळं पुसून पुन्हा भरलं. परत तीच आळशी रेघ, आणि खाली 'गणना यशस्वी'. कसली यशस्वी!

पेठकडच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला. "अजून नाय झालं? कंप्युटर बिघडलाय का तू?"

"दोघंही," मी म्हणालो.

गुरुवारी दुपारी पत्र्याच्या छताखाली माझा घाम कीबोर्डवर टपकत होता. मागे ताटकळलेला मित्र म्हणाला, "भावा, रुमालावर बसलायस, घाम कशाने पुसणार? ऊठ, मला बसू दे."

बाहीने घाम पुसताना तापमानाच्या रकान्याकडे लक्ष गेलं. पंचवीस. मीच भरलेलं. 'खोलीचं तापमान' म्हटलं की आम्ही सगळे जर्नलमध्ये पंचवीसच लिहितो; आधीच्या बॅचनेही तेच लिहिलेलं. एप्रिलच्या दुपारी त्या खोलीत पंचवीस कुठून असणार? थर्मामीटर आणून टेबलावर ठेवला. अडतीस! प्रयोगही याच खोलीत, अशाच दुपारी केला होता. अडतीस भरलं, आणि रेघ प्रयोगाच्या बिंदूंवर जाऊन बसली.

मॅडमना सांगितलं, तर त्या वैतागल्या. "म्हणजे सगळ्या वर्गाची जर्नलं चुकीची? आणि प्रयोगाच्या वेळी तू तापमान मोजलंच नाहीस? उद्या थर्मामीटर लावून परत कर."

शुक्रवारी केला. जुळला. त्या नुसतं "ठेव तिथे" म्हणाल्या.

सुट्टीत गावी आलो. इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर. ट्रेनिंगचं काही कळतंय का बघायला रोज चढायचो, रोज चडफडत उतरायचो. शेवटी एका सकाळी मित्राचा मेसेज आला: "तुझं नाव गेलं, कारखान्याने होही म्हटलंय. सोमवारी ये. आणि मॅडम विचारतायत, थर्मामीटर कुठे ठेवलायस? आम्हाला सुट्टीतही सगळे प्रयोग परत करायला लावलेत."