टेबलाला फेरा घालणारे नाना

नाना प्रत्येक शॉटआधी पूलच्या टेबलाला एक पूर्ण फेरा घालत. बॉल पॉकेटच्या तोंडाशी आलेला असो, फुंकर मारली तरी आत पडेल असा असो, फेरा चुकायचा नाही. डावीकडून निघायचे, कोपऱ्याकोपऱ्याला थांबून वाकून बघायचे आणि निघाल्या जागी परत आल्यावरच स्टिक टेकवायचे. जळगावच्या पिंप्राळ्यात, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचा तीन टेबलांचा हॉल होता. तिथे नवा आलेला माणूस हटकून वैतागायचा. "नाना, सात फेरे झाले की सांगा, अक्षता टाकतो," असं एकजण म्हणाला होता. नानांचं बालपण धुळ्याकडच्या खेड्यात गेलेलं. जळगावात तीस वर्षं काढूनही बोली सुटली नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "घाई कसानी शे? बॉल पयी थोडाच जाई राहिना." आणि त्या माणसाला पुढचा शॉट मिळालाच नाही.

मी नोकरीने कारकून. संध्याकाळी सहा ते साडेसात हॉलमध्ये बसायचो. खेळायचो बेताचाच, पण स्कोअर नेमाने लिहायचो. माझ्या अकरा वर्षांच्या वह्यांत नाना दहातले आठ सामने जिंकलेले आहेत. मी त्यांना हा आकडा दाखवला, तेव्हा ते उरलेल्या दोनांबद्दल विचारत बसले. कुणाशी हरलो, कोणत्या बॉलवर हरलो. जिंकलेल्यांबद्दल एक अक्षर नाही.

दर वर्षी दिवाळीनंतर धुळ्याला भिकनभाऊंच्या हॉलमध्ये तीन दिवस सामने भरत. जळगाव, भुसावळ, चोपडा, जामनेरहून खेळणारे येत. चौसष्ट नावं झाली की भिकनभाऊ यादी बंद करायचे. जिंकणाऱ्याला चोपड्याचा एक बागायतदार केळीचा अख्खा घड द्यायचा. रीत अशी की जिंकणाऱ्याने घड तिथेच कापायचा आणि पहिली फणी अंतिम सामन्यात हरलेल्याच्या हातात द्यायची. नानांनी सहा वेळा घड जिंकला आणि एक केळंही घरी नेलं नाही. "हारेल माणूसले पयले भूक लागस," म्हणायचे आणि फणी पुढे करायचे.

तीन वर्षांपूर्वी व्यावसायिक पूलची एक नवी टूर सुरू झाली. निवडलेल्या खेळाडूंशी करार, दरमहा ठरलेलं मानधन, शहराशहरांत सामने, कॅमेरे, पाठीवर नाव छापलेला शर्ट. नाना तेव्हा बावन्न वर्षांचे होते. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सुटून चार वर्षं झाली होती. या खेळासाठी त्यांना पगार मिळणार होता, तो आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या भागातून चौघं निवडले गेले. नाना, त्यांनीच शिकवलेली भुसावळची सायली आणि धुळ्याचे दोघं.

करार बावीस पानांचा होता. नानांनी तो माझ्याकडे दिला. मी शनिवार-रविवार बसून वाचला आणि दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. एक, प्रत्येक शॉटला तीस सेकंद. दोन, सही केल्यापासून तीन वर्षं टूरबाहेरच्या कोणत्याही स्पर्धेत खेळायचं नाही, मध्येच टूरमधून वगळलं गेलं तरीही.

दुसरं कलम वाचून दाखवल्यावर नाना हसले. "धुळ्याना सामना त्यासले माहीत तरी शे का?"

मीही हसलो. केळीच्या घडासाठी खेळतात त्याला स्पर्धा कोण म्हणेल, असं मला खरोखर वाटलं. बावीस पानांचा शब्द न् शब्द वाचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने एका ओळीचा अर्थ स्वतःच्या सोयीने लावला. "करा सही," मी म्हणालो.

तीस सेकंदांचा प्रश्न मात्र मी गंभीरपणे घेतला. स्टॉपवॉच आणलं. नानांच्या दोनशे शॉटची सरासरी काढली, ती सेहेचाळीस सेकंद आली. फेरा वगळला तर चोवीस. उत्तर माझ्या दृष्टीने सरळ होतं. सहा आठवडे मी टेबलाशी उभा राहून "वीस... पंचवीस..." असं ओरडत होतो. नाना सवयीने डावीकडे निघायचे, दोन पावलं टाकायचे, माझा आवाज आला की परत फिरायचे. शेवटी सरासरी सव्वीसवर आली. मी वही पुढे केली. नानांनी ती पाहिली आणि म्हणाले, "आकडा बराबर उना. बॉल चुकना." मला वाटलं, सवयीने जमेल.

जमलं नाही. पहिल्या वर्षी टूरवर ते एकोणीस सामने खेळले आणि चार जिंकले. सगळे सामने मी मोबाईलवर पाहिले. शेवटच्या पाच सेकंदांत घड्याळ टिकटिक करायचं आणि नानांचे खांदे वर चढायचे. धड फेरा नाही, धड घाई नाही. एकदा फोनवर म्हणाले, "कोन्ही मांगे उभं शे असं वाटस." मागे कोण उभं आहे ते मला माहीत होतं. त्यांनी नाव घेतलं नाही. वर्ष संपल्यावर टूरच्या यादीतून त्यांचं नाव गेलं आणि मानधन थांबलं.

सायलीची गोष्ट वेगळी, आणि तीही लिहिलीच पाहिजे. ती मुळातच झटपट खेळणारी. तिला घड्याळ मानवलं. टूरच्या पैशांवर तिने घराचा वरचा मजला बांधला, आईला लोकांकडची घरकामं सोडायला लावली. टूरने खेळाडूंचं भलं केलं का, असं कोणी विचारलं तर मी सायलीचं नाव आधी घेतो. उरलेल्या तिघांची नावं नंतर घेतो.

दिवाळीनंतर नाना धुळ्याला निघाले, तेव्हा मी खात्री म्हणून टूरच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं. कोणतीही स्पर्धा म्हणजे कोणतीही स्पर्धा. मोडल्यास दंड भरावा लागेल.

भिकनभाऊ चिडले. "अहो नाना, कोण बघायला येतंय इथे? घ्या स्टिक."

"सही करेल शे ना भाऊ," नाना म्हणाले आणि प्रेक्षकांतल्या लोखंडी खुर्चीवर बसले. तीन दिवस बसले. त्या वर्षी तेवीस नावं आली. टूरवाले चौघं नाहीत म्हटल्यावर त्यांच्याशी दोन हात करायला येणारेही आले नाहीत. अंतिम सामन्यात दोघांनीही सोपे सोपे बॉल चुकवले. परतीच्या एसटीत पारोळा आलं. तेव्हा नाना म्हणाले, "त्या पोरले उजव्या बाजूनं दखाले पाहिजे होतं." एवढंच.

मी त्यांना सांगून टाकलं, "नाना, सही मी करायला लावली. फेराही मीच मोडला." "माले बी जाणंच होतं," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असावेत.

पुढच्या उन्हाळ्यात ते सुरतला गेले, टेबलं बनवणाऱ्या कारखान्यात कापड ताणून बसवायच्या कामावर. तिथल्या हॉलमध्ये खेळता का, असं मी फोनवर विचारलं. कापड बसवल्यावर एक बॉल ढकलून बघतो, म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर धुळ्याला नऊ नावं आली. भिकनभाऊंनी सामने रद्द केले. मी नानांना कळवलं. करार संपायला तेव्हा पाच महिने राहिले होते. मग त्यांनी विचारलं, "टेबल झाकी ठेवेल शे ना? उंदरं कापड कुरतडतस. भाऊले सांगजो, मी पुढला साले येसू. नवं कापड मीच बसाडसू."

मी भिकनभाऊंना फोन लावला. सामने रद्द केल्यावर चारच दिवसांत टेबलं विकली गेली होती. त्या जागेत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान होणार आहे.

आकडा असो की बातमी, जशी आहे तशी सांगायची, हे मी आयुष्यभर पाळलं. नानांचा फोन दर रविवारी येतो. टेबल झाकलंय का, ते विचारतात. मी हो म्हणतो.