सुनेची रिकामी यादी

माझी सून घरात असली की फरशी झिजते. बसणं म्हणून ठाऊकच नाही बयेला. चहा उभ्याने, फोन चालता चालता, आणि विचार करायचा झाला तर खिडकी ते दार, दार ते खिडकी. बघूनच मला चक्कर येते. ती लिफ्टच्या कंपनीत आहे. लिफ्टने कधी थांबावं, कधी हलावं हे जो प्रोग्राम ठरवतो, त्याची परीक्षा घ्यायचं काम तिचं.

तर आमच्याच इमारतीला त्यांची लिफ्ट बसली. मी पाचव्या मजल्यावर, गुडघे कामातून गेलेले. धाकटी बहीण रस्त्यापलीकडे, खाटेला खिळलेली. मध्ये एवढासा रस्ता, पण एकमेकींचं तोंड पाहून वर्ष लोटलं. लिफ्ट दुपारी चारला सुरू होणार होती. मी जेवण उरकून चपला घालूनच बसले. बहिणीला फोनवर सांगितलं, आज पोटभर बोलू. ती हसली, म्हणाली, बोलशील तू दारातच. खरं आहे ते. निघते निघते म्हणत मी एक पाय आत, एक बाहेर ठेवून तासभर बोलते. घरात मला उंबरठाबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

परीक्षेचा निकाल आला होता, एकही चूक नाही. ऑफिसात सगळ्यांनी हुश्श केलं. हिचीच माशी कुठे शिंकली कोण जाणे. एवढं साफ कसं, एवढ्या लवकर कसं, म्हणत येरझाऱ्या सुरू. मी म्हटलं, बाई गं, देवाने दिलं तर घ्यावं. ऐकेल तर शपथ.

परीक्षेसाठी तिने एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहिलं होतं. त्याला याद्या द्यायच्या. दार उघडं की बंद, लिफ्ट रिकामी की भरलेली, माणूस आत, बाहेर की उंबऱ्यावर. प्रत्येक यादीतून एकेक उचलून जेवढे मेळ जमतील तेवढे सगळे ते बनवतं, आणि मग एकेक मेळ तपासला जातो. लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून तिने ते पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

विजेची यादी रिकामीच राहिली होती. विजेच्या माणसांकडून माहिती यायची होती, ती आली की भरू म्हणून ठेवलेली.

"मग तेवढंच तपासायचं राहिलं ना?" मी विचारलं.

"आई, तुमच्याकडे तीन शाली, दोन पिशव्या, आणि चपलांचा एकही जोड नाही. किती तऱ्हांनी तयार होऊन बाहेर पडाल?"

"अनवाणी मी उंबरठासुद्धा ओलांडायची नाही."

"तेच झालं. एकही मेळ बनला नाही. काहीच तपासलं नाही, म्हणून चूक निघाली नाही."

आणि तिने साहेबांना फोन करून लिफ्ट थांबवली. माझा नुसता तिळपापड झाला. हातातोंडाशी आलेला घास, आणि काढून कोण घेतंय, तर घरचीच. नाही नाही ते बोलले तिला. रडूही येत होतं. पण चपला काढा असं काही ती म्हणाली नाही. यादीत वीज भरली. आहे, गेली, जाऊन परत आली. परीक्षा पुन्हा लावली. बराच वेळ चालली. ती फिरत राहिली, मी घड्याळ बघत राहिले. चार वाजून गेले.

एका मेळाला प्रोग्राम चुकला. दार उघडं, माणूस उंबऱ्यावर, वीज जाऊन परत आली. लिफ्ट तशीच वर निघाली असती.

तिने साहेबांना सांगितलं. फोन स्पीकरवर होता. साहेब वैतागले. "अहो, लिफ्टच्या दारात असं एक पाय आत, एक बाहेर ठेवून कोण उभं राहतं?"

फिरणारी सून जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "आमच्या सासूबाई."

मी चपला काढल्या आणि बहिणीला फोन लावला.