अकोल्याच्या घरावरची माती

आमचं अकोल्याचं घर माझ्या पाटल्यांचं होतं. आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या मोडून ते घेतलं. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्यात परगावचे दलाल, मुनीम, काटेवाले येऊन पडले होते आणि त्यांना राहायला जागा मिळत नव्हती. आमचे हे अमरावतीच्या कचेरीत कारकून. त्यांना कुणीतरी सांगितलं, आत्ता अकोल्यात घर घ्या, भाडं बसल्या जागी हातात येईल आणि म्हातारपणी स्वतःला राहायलाही होईल.

मला ते शेवटचं तेवढं ऐकू आलं. अमरावतीत आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, मालकीणबाई वर माडीवर. पहाटे जात्याची घरघर नको, अंगणात पापड नकोत, भिंतीत खुंटी ठोकायची तर नावच काढायला नको. नऊ वर्षं यांची पगडी मी पेटीवर ठेवत आले होते. म्हणून पाटल्या काढून देताना एवढंच म्हणाले, "पन एक दिवस मले त्या घरात राहाले न्यायचं. मरीन तर माह्या घरात मरीन."

हे हसले. "नेईन ना तुले. घाई कायची हाये?"

हेच एकटे जाऊन घर घेऊन आले. तीन दिवसांची गाडीवाट, बाईमाणसाला कोण नेतंय! यांनी सांगितलं त्यावरून मी ते मनातल्या मनात बांधलं. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे परस, परसात विहीर. वर धाबं, म्हणजे कौलं नाहीत, लाकडं आणि काड्यांवर सपाट मातीचं छत. कोकणातून आलेला एक कापूस तोलणारा काटेवाला आपल्या बायकोला घेऊन तिथे भाड्यानं राहिला.

मग पत्रं सुरू झाली. दाराची कडी तुटली, पत्र. विहिरीचा दोर कुजला, पत्र. टपाल हलकाऱ्याच्या पायांनी येणार आणि आमचं उत्तर तसंच जाणार. ते पोचेपर्यंत तिकडे दुसरंच काही मोडलेलं असे. मी कधी न पाहिलेल्या दाराची कडी दिवसभर माझ्या डोक्यात वाजत असायची. कंटाळून मी यांना म्हणे, पाटल्या हातात होत्या तेव्हा बऱ्या होत्या, निदान बोलत नव्हत्या.

धाब्याला दर दोन-तीन वर्षांनी पावसाआधी नवी माती द्यावी लागते. पहिली दोन वर्षं आधीच्या मालकानं टाकलेल्या मातीवर निघाली. तिसऱ्या वर्षी वैशाखात हे पत्र लिहायला बसले आणि मी चूल फुंकत होते.

"अजून काय लिहू?" यांनी विचारलं.

"लिवा, पावसाच्या आंधी धाब्यावर माती टाकून घ्या म्हना."

यांनी तेवढंच लिहिलं आणि पत्र गेलं.

श्रावणात उत्तर आलं. मधल्या खोलीचं छत खाली बसलं, माणसं सुखरूप आहेत. हे असे संतापले की जेवणावरून उठले. "पाडलं ना घर! आता बाहेर काढतो त्याईले." त्यात लढाई संपून कापसाचा भाव पडला होता, अकोल्यातली परक्या माणसांची गर्दी ओसरत होती. यांचं म्हणणं, भाडेकरू काढावा आणि पडकं घर येईल त्या किमतीला विकून मोकळं व्हावं. मी म्हणाले, "विकू नाही देनार मी. राहाचं हाये मले तिथं." शेवटी आधी जाऊन पाहायचं ठरलं. पण पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत गाडीची चाकं रुतून बसतात. दोन महिने मी हात बांधून बसले आणि पाऊस पडला की त्या उघड्या खोलीत पाणी साचताना मला दिसे.

दसरा झाल्यावर निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, मग पुढची वाट. हाडं खिळखिळी झाली. वाटभर मी त्या काटेवाल्याच्या बायकोला काय काय बोलायचं ते जुळवत होते आणि चांगलं झणझणीत जुळवलं होतं.

दारात रांगोळी होती. बाई पंचविशीची असेल. तिनं पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "या, आत या, बसा." माझ्याच घरात मला कुणीतरी बसा म्हणत होतं. आत भिंतीला सात खुंट्या होत्या, मी मोजल्या. डोक्यात तिडीक गेली. मग वाटलं, इथे राहून मालकीणपणा केला असता तर मी तरी हिला एक खुंटी ठोकू दिली असती का? या विचारानं माझा अर्धा राग तिथेच फुकट गेला.

मधल्या खोलीत वर आभाळ होतं आणि खाली ढिगारा. मी एक ढेकूळ उचललं. काळंकुळकुळीत.

"काहून वो बाई, काळी माती टाकली तुमी छतावर?"

"हो तर," ती म्हणाली. "मागच्या बांधावरची चांगली कसदार बघून टाकली. मजूर मिळेनात, सगळे कापसाच्या गठाणींवर. आठ दिवस मीच टोपल्या वाहिल्या. म्हटलं, ज्या मातीनं सारा मुलूख श्रीमंत केला ती चांगलीच असणार."

मग ती आत गेली आणि पेटीतून यांचं पत्र घेऊन आली. जपून ठेवलं होतं. ‘धाब्यावर माती टाकून घ्या.’ "कुठली ते लिहिलं नव्हतं हो," ती म्हणाली. "आमच्याकडे कौलं असतात."

धाब्यावर माती टाकायची ती पांढरी, जुन्या गढीची. ती पाणी आत शिरू देत नाही. काळी पाणी पिते, फुगते आणि ओझ्यानं लाकूड मोडते. वऱ्हाडात हे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणूनच ते लिहायला सांगावं असं मला सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली. जुळवून आणलेलं सगळं मनातच जिरवून मी हातातलं ढेकूळ ढिगाऱ्यावर परत ठेवलं.

हे ओट्यावर तिच्या नवऱ्याला महिन्याभरात जागा खाली करायला सांगत होते. मी दारात जाऊन म्हणाले, "त्याईची चूक नाही. पत्रात मीच अर्धवट सांगतलं होतं. घर पयले नीट करा." परक्या माणसासमोर मी कधी अशी बोलले नव्हते. हे ओट्यावरून उठले आणि लाकूड पाहायला गेले.

नवं लाकूड आलं, काड्या आल्या, गढीच्या पांढऱ्या मातीच्या दोन गाड्या आल्या. पदर खोचून मी धाब्यावर चढले आणि तिला दाखवलं, थर किती द्यायचा, पाणी किती शिंपायचं, कसं तुडवायचं. पाच दिवस आम्ही दोघी तिथे होतो. पाठ मोडली, टाचा भेगाळल्या, पण मला बरं वाटत होतं. माझ्या घराचं मी केलेलं काम ते एवढंच.

निघायच्या दिवशी तिनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन माझी ओटी भरायला पुढे झाली. ओटी घरची बाई भरते, निघालेल्या पाहुणीची. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, तिला फक्त रीत माहीत होती. मी पदर पसरला आणि मला रडू आवरेना. तिला वाटलं, मला माहेर आठवलं.

गाडीत हे म्हणाले, "काहून रडून राहिली? घर तर तुह्यंच हाये." त्यानंतर यांनी विकायचा विषय काढला नाही.

आता हे नाहीत. आगगाडी आली आणि तीन दिवसांची वाट एका दिवसाच्या आत आली. यंदा वैशाखात मालकीणबाईंनी आमच्या खोल्या मागितल्या, त्यांच्या मुलाचं लग्न आहे. जो तो मला म्हणतो, तुम्हाला काय काळजी, अकोल्याला स्वतःचं घर आहे, त्यांना निघा म्हणावं आणि जाऊन राहावं. खोटं नाही. पाटल्या त्यासाठीच तर दिल्या होत्या. पण अकोल्याच्या त्या बाईला आता तीन मुलं आहेत आणि तिघंही त्या मधल्या खोलीत जन्मली.

यांनी मला लिहायला शिकवलं होतं. काल दुपारी मी कागद घेऊन बसले, जागा खाली करावी असं लिहायला. तुम्ही सगळे सुखरूप असाल, एवढं लिहून हात थांबला. मग लिहिलं, ‘पाऊस जवळ आला. धाब्यावर माती टाकून घ्या. पांढरीच, गढीची.’ पुढे काही सुचेना, तेव्हा घडी घालून पत्र टपालात दिलं.

आज सकाळी अमरावतीत भाड्याची खोली पाहून आले. खुंटी ठोकलेली चालेल का, हे मी आधीच विचारून घेतलं. नाही म्हणाले.