अक्कांचा उजवा हात

साठी ओलांडल्यावर मी एक मूर्खपणा केला. एका बाईचा फोटोतून नाहीसा झालेला हात परत आणायला मी ट्रायपॉडमागून ट्रायपॉड बदलत सुटले. हात काही परत आला नाही. ती बाई मात्र दर वेळी माझ्याबरोबर दुकानात आली, तिनं माल पारखून दिला आणि खऱ्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही.

ती बाई म्हणजे अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या. अक्का बसल्या की बसल्या. मांडीवर हात ठेवून अशा निश्चल बसायच्या की घरातलं घड्याळ एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागायचं. एकदा परड्यात एक पाल त्यांच्या पावलावरून चढून पलीकडं उतरली. मी किंचाळले. अक्का म्हणाल्या, "वरडतीस का? तिला वाटलं, धोंडा हाय. वाटू दे की."

थोरले भाऊजी गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून त्यांना कापून काढलं आणि मोठं करून भिंतीवर लावलं. खांद्यावर मात्र एक परका हात राहून गेला. पाच बोटं, एक अंगठी. तो कुणाचा, हे कुणालाच सांगता येईना. अक्का रोज उदबत्ती ओवाळायच्या आणि म्हणायच्या, "कुणाचा हाय देव जाणं. पर इतकी वर्सं धूप त्यालाबी मिळतोय." मग माझ्याकडं वळून, "धाकटे, माझं असलं करू नगंस. माझा येगळा काढ. एकटीचा, सगळा." ही मागणी त्यांनी आयुष्यात एकदाच केली, आणि ती नेमकी माझ्याकडं केली. बिचाऱ्या!

कारण नोकरी सुटल्यावर मुलानं मला कॅमेरा घेऊन दिला होता आणि मी मिसरूड फुटलेल्या पोरासारखी फुगले होते. कुठल्याशा व्हिडिओत मी पाणी दुधासारखं करायची युक्ती पाहिली. कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, काही सेकंद उघडी ठेवायची, की वाहतं पाणी नुसती साय होऊन जातं. तेवढा वेळ कॅमेरा जागचा हलता कामा नये, म्हणून तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, हवी. आम्हा दोघींना एसटीनं हिंडायचं होतं, म्हणून ती हलकी हवी. आणि तेवढा वेळ न हलणारं माणूस हवं, तर ते घरातच होतं!

दुकानातल्या पोरानं सगळ्यात हलका ट्रायपॉड पुढं केला. "आज्जी, पिशवीत मावतोय बघा." मी भुलले. अक्कांनी तो फरशीवर उभा केला आणि माठ घेताना दाबतात तसा वरून तळव्यानं दाबला. पाय फाकले.

"हलकं असू दे, पर हलकट नसावं," त्या म्हणाल्या. "बूड बघ आधी."

पोरगं हसलं, पण कबूल झालं. "मोठ्या आज्जीचं बरोबर हाय. पाय जेवढ्या जास्त तुकड्यांचा, तेवढा खालचा तुकडा काडीवानी. आन् मधला दांडा वर काढू नका, डुलतोय." मी दोघांचंही ऐकलं नाही. सगळ्यात हलका तोच घेतला.

पहाटे पंचगंगेच्या घाटावर गेलो. अक्का पायरीवर बसल्या. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. नदी दुधाची, दीपमाळ रेखीव, अक्कांचं लुगडं रेखीव. पण उजवा हात मनगटापाशीच संपला होता. त्यापुढं बोटं नव्हती, तळवा नव्हता. हात असायला हवा तिथं मागची पायरी स्वच्छ दिसत होती, तिच्यातल्या भेगेसकट.

मी फोटो अक्कांपुढं धरला. अक्कांनी डोळे बारीक करून पाहिलं. "त्यांच्यात एक जादा, माझ्यात एक कमी. बरुबर झालं की," म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतला. तो त्यांनी का झाकला, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मी अक्कांना घेऊन बाणासारखी दुकानात गेले आणि त्या पोराला झापलं.

दुसरा ट्रायपॉड पाय पिळून घट्ट करायच्या जातीचा. तो घेऊन राधानगरीला धरणाच्या काठी गेलो. धुकं इतकं होतं की पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. या फोटोत दोन्ही हात गेले. हनुवटीही विरघळल्यासारखी झाली. शेजारच्या वाळक्या झुडपाची काटकी न् काटकी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. सारं जग जागच्या जागी आणि मधोमध बाई तेवढी धुक्यात विरत चाललेली. रात्री मी लिंबू उतरायचासुद्धा विचार केला. पण सुशिक्षित ना मी! भुतावर विश्वास नव्हता, म्हणून दोष तिपाईला दिला.

तिसरा कार्बन फायबरचा. वजनाला हलका, ताठ उभा राहणारा. त्याच्या मधल्या दांड्याच्या आकड्याला अक्कांनी स्वतःची पिशवी लटकवली, "वजन दे त्येला, मग हुबा ऱ्हातोय." पुन्हा तोच घाट. वारा नव्हता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला. पदराच्या कडेत चेहराच नव्हता. डोळे नाहीत, तोंड नाही, नुसता राखाडी धूर, आणि त्या धुरातून पलीकडचा काठ दिसत होता.

"उद्याच परत करते हा मेला!" मी म्हणाले.

अक्का पायरीवरून हलल्या नाहीत. "तिपाईला शिव्या घालू नगंस, धाकटे. ती हुबीच हाय. हलतोय मी."

त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला. तो आपल्याच नादात थरथरत होता. मान बारीक डुलत होती. झडप उघडी असताना जे हलतं ते पाण्यासारखं विरतं; अक्काही तशाच विरत होत्या. रोज शेजारच्या ताटावर बसणारी मी; पण ते कधी पाहिलंच नव्हतं.

"कधीपासनं?"

"पयल्या फोटूच्या आधीपासनं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर पोरांनी कोपऱ्यात बसवलं असतं. डॉक्टर, गोळ्या, पडशील, जाऊ नगं. तू तिपाई बदलत हुतीस तवर मला हिंडाय मिळत हुतं. हिंडू दे म्हटलं."

मग मी कॅमेरा तिपाईवरून काढला. ऊन वर आलं होतं. झडप क्षणात उघडून मिटेल अशी लावली आणि हातातच धरून फोटो काढला. अक्का सगळ्या आल्या, दहा बोटांनिशी, मिश्कील डोळ्यांनिशी. त्याला तिपाई लागलीच नाही. दुधाच्या पाण्याची हौस माझी होती.

घरात सांगावं लागलंच, आणि कोपराही आलाच. पुढचं वर्ष अक्कांनी खिडकीशी काढलं आणि एका दुपारी गेल्या.

भिंतीवर धुराचा फोटो आहे. पाहुणे चहाचा कप धरून थबकतात, "फोटो हललाय की हो." नातवंडं त्याच्याखाली झोपत नाहीत. दिवेलागणीला उदबत्तीचा धूर वर चढतो तेव्हा धूर कुठला आणि अक्का कुठल्या, मलाही सांगता येत नाही. चांगला फोटो असताना हा का लावला, असं सगळे विचारतात. अक्का असतानाच मी दोन्ही फोटो त्यांच्यासमोर ठेवले होते. त्यांनी दोन्ही आळीपाळीनं पाहिले. मग धुराच्या फोटोवर थरथरतं बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो लाव. त्यात मी बसलोय. ह्यात निघालोय."